हवेची वाट

त्याला सगळे फुंक्या म्हणत. तोंडावर दादा, पाठीमागे फुंक्या. विडी-सिगारेट त्याने जन्मात ओढली नाही; पण इंजिनाचं हेड, म्हणजे त्याच्या डोक्यावरचा ओतीव ठोकळा, हातात आलं की आधी ते तोंडाशी धरायचा आणि ज्या भोकातून हवा इंजिनात शिरते त्यात एक लांब फुंकर मारायचा. मग मान तिरकी करून ऐकायचा आणि म्हणायचा, "हिचा गळा दाबलाय." त्यावरून नाव पडलं ते पडलंच.

माझं लेथ त्याच्या वर्कशॉपला लागून आहे. मधे पत्र्याची भिंत. तो हेडमधले पोर्ट कोरायचा आणि त्याच हेडच्या व्हॉल्व्हच्या सीटा, म्हणजे झडपा टेकतात त्या कडा, मी कापून द्यायचो. कामं एकमेकांत अडकलेली, म्हणून आम्हीही.

पोर्ट म्हणजे हवेचा बोळ. कारखान्यातून गाडी येते तेव्हा तिचं हेड ओतलेलं असतं, त्यावर हात कुणी फिरवलेला नसतो. बोळाच्या भिंती खरखरीत, मधे ओतकामाची शीर उठलेली, आणि व्हॉल्व्हच्या तोंडाशी घराच्या उंबऱ्यासारखी एक पायरी. रोज ऑफिसला जाणाऱ्याचं त्यात मजेत चालतं. ज्याला गाडी आणखी पळवायची असते तो हेड खोलून फुंक्याकडे यायचा. फुंक्या हवेवर चालणारा ग्राइंडर घेऊन उंबरा काढायचा, वळण सैल करायचा, आणि थांबायचा. "कोरता सगळ्यांना येतं, थांबता येत नाही," असं तो म्हणायचा. बोळ फार रुंद केला की हवा आळसावते. शिवाय भिंतीच्या पलीकडे इंजिनाचं पाणी खेळत असतं. हात जरा वाहवला की भिंत फुटली आणि हेड भंगारात. आत डोळा पोचत नाही. तिथे फुंक्याची करंगळी पोचायची. करंगळी फिरवून तो सांगायचा की अजून एक हात मारायचा की बस.

संशय त्याच्या हाडीमाशी खिळला होता, पण तो उगाच आलेला नव्हता. उमेदीच्या काळात त्याचा एक भागीदार होता. दोघं एका ताटात जेवत. त्या भागीदाराने फुंक्याने कोरलेलं एक हेड मधोमध करवतीने कापलं, आतला आकार उतरवून घेतला आणि समोरच्याच रस्त्यावर दुकान टाकलं. ते दुकान पुढे बुडालं, पण फुंक्याचा विश्वास त्याच्याआधी बुडाला होता. त्यानंतर त्याने खिडकीच्या काचा रंगवून टाकल्या. टेबलासमोर आरसा लावला, म्हणजे पाठीमागून कोण येतं ते दिसावं. मला सीट कापायला हेड द्यायचा तेही पोर्टात फडकी कोंबून, वर चिकटपट्टी लावून. मी काम करेपर्यंत शेजारी उभा राहायचा.

मला कधी वाईट वाटलं नाही. कुत्रा येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांवर भुंकत असेल तर आपल्यावर भुंकला म्हणून कोण रडत बसतं?

त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. बोलायला कमी, पण बोलली की टाकीचा घाव. म्हणायची, "आम्ही दोघंही तोंडातच काम करतो. मी माणसांच्या, हे गाड्यांच्या. माझी गिऱ्हाइकं निदान नंतर हसतात तरी."

एका सकाळी पत्र्यावर ठकठक झाली. मी पलीकडे गेलो. फुंक्याने चिमट्यात धरलेला एक गुलाबी कण माझ्या नाकाशी आणला.

"हे काय आहे?"

"रबर दिसतंय."

"माझ्या पोर्टात रबर कुठून आलं?"

"मला काय विचारतोस? फडकी तूच कोंबतोस."

"फडकं पांढरं आहे. हे गुलाबी आहे." त्याने आवाज खाली घेतला. "कुणीतरी साचा काढलाय. मऊ रबर आत दाबायचं, घट्ट झालं की ओढून काढायचं. बोळाचा आकार जसाच्या तसा हातात. माझी अख्खी विद्या कुणीतरी खिशात घालून नेली."

"किल्ली कुणाकडे असते?"

"एक माझ्याकडे, एक घरी. आणि हे हेड मधे तुझ्याकडे होतं."

मग त्याने माझ्या दुकानाची झडती घेतली. खण उपसले, भंगाराची पेटी उलटी केली, चहाच्या डब्यातसुद्धा हात घातला. मी लेथला टेकून बघत राहिलो. काही सापडलं नाही तेव्हा त्याने तो कण स्वतःच्या नाकाला लावला, आणि त्याचा चेहरा उतरला.

मीही वास घेतला. पेपरमिंटसारखा. मला त्यातून काही कळलं नाही, त्याला कळलं. रोज संध्याकाळी वहिनी घरी यायची तेव्हा तिच्या हातांना हाच वास असायचा. लॅबमध्ये हिरड्यांचे साचे ज्या रबराने घेतात त्याचा.

बायकोला सरळ विचारावं हे त्याला सुचलं नसेल असं नाही. पण विचारलं की चोर सावध होतो, हे त्याचं तत्त्व. म्हणून त्याने वर्कशॉपच्या कडीला बारीक दोरा बांधायला सुरुवात केली. दाराच्या आत जमिनीवर पावडर पसरली आणि सकाळी स्वतःच विसरून त्यात पाय दिला. मग कितीतरी वेळ वाकून स्वतःच्याच चपलेचे ठसे तपासत बसला. हे मी पाहिलं आणि हसू आवरत परत फिरलो.

पुढे त्याचा संशय मेहुण्यावर गेला. वहिनीचा धाकटा भाऊ एका साच्यांच्या कारखान्यात होता. तिथे कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं लोखंड कापत. आकार एकदा दाखवला की हजार वेळा तोच काढणारी. बहिणीकडे रबर, भावाकडे मशीन. फुंक्याने दोन अधिक दोन केले.

मेहुणा सुट्टीच्या दिवशी जेवायला यायचा. असाच एकदा आला, त्या जेवणाची हकिकत वहिनीने मला नंतर सांगितली.

"दाजी, काम कसं चाललंय?" मेहुण्याने विचारलं.

"तुला माहीत असेलच."

"मला कसं माहीत असणार?"

"तेच मी म्हणतोय."

"भाजी घ्या," वहिनी म्हणाली.

"त्याला वाढ. त्याला आपल्याकडचं सगळंच आवडतं."

मेहुणा पान अर्धं टाकून उठला. वहिनीने भांडी घासली, ओटा पुसला आणि एक शब्द विचारला नाही. ती विचारत नाही म्हणजे तिला माहीत आहे, असा फुंक्याने अर्थ काढला. तो अर्थ बरोबरच होता, फक्त तिला काय माहीत आहे ते त्याला माहीत नव्हतं.

याच दिवसांत कामातही काहीतरी बिनसायला लागलं. कोरलेलं हेड मोजायला त्याने स्वतः एक यंत्र बनवलं होतं. लाकडी खोका, खाली हवा ओढणाऱ्या मोटरी, आणि बाजूला तिरकी काचेची नळी, तिच्यात रंगीत पाणी. हेड वर ठेवून मोटर चालू केली की पोर्टातून किती हवा जाते ते पाणी चढून दाखवायचं. पूर्वी त्याच्या हेडचे चारही पोर्ट सख्ख्या भावांसारखे मोजायचे. आता एक वर, एक खाली, तिसरा भलतीकडेच.

"खोक्याला गळती आहे," तो म्हणाला. "कुणीतरी छेडलंय."

यंत्र खरं बोलतंय का हे बघायला एक साधी युक्ती असते. मी त्याला पूर्वी एक प्लेट करून दिली होती, मधोमध गोल भोक पाडलेली. ती वर ठेवली की पाणी नेहमी एकाच खुणेला यायला हवं. मी म्हटलं, "प्लेट ठेव." त्याने ठेवली. पाणी चढलं आणि बरोबर खुणेवर येऊन थांबलं.

त्याने नळीवर टिचकी मारून पाहिली. मग माझ्याकडे वळला.

"तू प्लेट बदललीस."

"मी? कशाला?"

"ते तुलाच माहीत."

मी प्लेट उचलली, तिच्या पाठीवर त्यानेच पूर्वी खिळ्याने ओरखडून ठेवलेली खूण दाखवली आणि माझ्या दुकानात निघून गेलो. त्या दिवशी पहिल्यांदा मला राग आला.

मग वकीलबाई आल्या. या बाई आठवडाभर कोर्टात उभ्या राहायच्या आणि सुट्टीला एक जुनी गाडी शर्यतीत पळवायच्या. त्यांचं हेड फुंक्यानेच कोरलं होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं आणि शेजारी एक बाटली ठेवली. बाटलीत इंजिनाचं तेल होतं, दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचं.

"तेलात पाणी जातंय, दादा."

फुंक्याने हेड उलटसुलट केलं. "ओतकाम खराब असणार."

"असेल."

"नाहीतर याने सीट दाबून बसवताना तडा पाडला असेल." हे माझ्याकडे बघून.

मी वाकून सीटा बघायला लागलो.

"आणि हे हेड माझंच कशावरून? बदललं असेल कुणी."

वकीलबाईंनी हेडच्या कडेला बोट ठेवलं. "माझ्या गाडीचा नंबर तुम्हीच ठोकलाय इथे. तुमचा चार असाच वाकडा असतो."

मी बॅटरी आणि दंतवैद्य वापरतात तसा छोटा आरसा घेऊन आत पाहिलं. तिसऱ्या पोर्टाच्या छताला सुईच्या अग्राएवढं भोक होतं. भोवतालची भिंत कागदासारखी झिजलेली. तडा नव्हता, ओतकामाचा दोष नव्हता. ग्राइंडर तिथे हवा त्यापेक्षा जास्त वेळ फिरला होता. मी आरसा फुंक्याच्या हातात दिला. त्याने पाहिलं. मग करंगळी आत घातली, फिरवली, पुन्हा फिरवली.

"मला तर गुळगुळीत लागतंय," तो म्हणाला.

वकीलबाई म्हणाल्या की घाई नाही, आणि गेल्या. त्याने कामाला लागल्याचा आव आणला. टेबलावर व्हॉल्व्हची लॉकं पडली होती, नखाएवढ्या अर्धगोल चकत्या. त्याने एक उचलायला चिमूट केली. लॉक निसटलं. परत केली, परत निसटलं. मग सवयीचंच असल्यासारखं त्याने ते तळहाताने टेबलाच्या कडेपर्यंत सरकवलं आणि खाली दुसरा हात धरून झेललं. हे मी आधीही पाहिलं असणार, पण पाहिलं नव्हतं. गार सकाळी त्याची बोटं खडूसारखी पांढरी पडायची आणि तो चहाचा पेला दोन्ही हातांनी धरून बसायचा, तेही माझ्या डोळ्यांसमोरचंच.

"हाताला काय झालंय तुझ्या?"

"काय होणार? ग्राइंडरची हवा गार असते." त्याने लॉक डबीत टाकलं. "तू विषय बदलू नकोस. चल माझ्याबरोबर. मला साक्षीदार पाहिजे."

"कुठे?"

"कवळ्यांच्या कारखान्यात."

दुपारची वेळ होती. लॅब म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला लागून टेबलं, त्यावर दिवे, सगळीकडे पांढरी भुकटी. फळ्यांवर कवळ्या ओळीने ठेवलेल्या, कुणीतरी विनोद सांगितल्यासारख्या सगळ्या हसणाऱ्या. वहिनी कोपऱ्यात बसून विजेवर फिरणाऱ्या बारीक चरकाने एक दात घासत होती. आम्हाला पाहून तिने चरक बंद केला.

"कपाट उघड," फुंक्या म्हणाला.

तिने नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, उठली आणि कपाट उघडलं. वरच्या खणात कवळ्या होत्या. खालच्या खणात गुलाबी रबराचे वाकडे ठोकळे, हाताच्या मुडपलेल्या अंगठ्यांसारखे. पोर्ट होते ते. पोकळी बाहेर काढून ठेवावी तसे.

"बघ," फुंक्या मला म्हणाला. "मी म्हणत होतो की नाही?"

वहिनीने त्यातले दोन उचलले. एक त्याच्या डाव्या हातात दिला. "हा आपल्या गाडीचा. लेकीच्या लग्नाच्या आधी तुम्ही आपलं हेड कोरलं होतं ना, त्याचा." दुसरा उजव्या हातात दिला. "हा आत्ता अलीकडचा. बघा."

तो बोटं फिरवायला लागला.

"बोटांना विचारू नका," वहिनी म्हणाली. "डोळ्यांनी बघा."

मीही पाहिलं. पहिला ठोकळा नदीतल्या गोट्यासारखा होता, कुठे सुरू झाला नि कुठे वळला ते कळू नये असा. दुसऱ्याच्या पाठीवर लाटा होत्या आणि वरच्या बाजूला एक टेंगूळ. पोकळीचं टेंगूळ म्हणजे भिंतीतला खड्डा. त्याला हे मी सांगायची गरज नव्हती.

त्याने दोन्ही ठोकळे दिव्याखाली धरले. मग म्हणाला, "कधीपासून माहीत आहे तुला?"

"तुम्ही बटणांचे शर्ट सोडून टी-शर्ट घालायला लागलात तेव्हापासून."

"मला बोलली नाहीस."

"बोलले असते तर म्हणाला असतात, हिला कुणी शिकवलं. आधी साचा घेतला. खात्री झाल्यावर बोलणार होते. मग तुम्ही दारात पावडर टाकायला लागलात."

"आणि भावाला कशाला दिलास?"

"जुना दिला. तुमचा हात चांगला होता तेव्हाचा. तो आकार कुठेतरी राहावा म्हणून."

"त्याने काय केलं त्याचं?"

इथे वहिनीने पहिल्यांदा मान खाली घातली. "मोजून ठेव एवढंच सांगितलं होतं. त्याने त्यावरून एक हेड कापलं. गिऱ्हाइकाला दिलंही. मला नंतर सांगितलं. मी त्याला खूप बोलले."

म्हणजे फुंक्याचा संशय खरा निघाला होता. इतकी वर्षं तो ज्याची वाट बघत होता ते घरातच घडलं होतं. मला वाटलं तो आता खोली डोक्यावर घेईल. त्याने दोन्ही ठोकळे जपून टेबलावर ठेवले आणि वहिनीच्या स्टुलावर बसला. "घरातच," एवढं म्हणाला आणि हात मांड्यांखाली दाबून बसून राहिला.

डॉक्टरकडे जायला तो तयार झाला, पण मला बरोबर घेऊनच. वहिनीवर त्याचा भरवसा नव्हता आणि डॉक्टर वहिनीच्या ओळखीतला होता. "दोघांचं आधीच ठरलं असेल," तो मला दारातच कानात म्हणाला. "तू नीट लक्ष ठेव."

डॉक्टरने हात पाहिले, प्रश्न विचारले, मग म्हणाला, "डोळे मिटा. मी टाचणीने हलकेच टोचतो. टोचलं की हो म्हणा."

फुंक्याने डोळे मिटले आणि हात पुढे केले. डॉक्टरने करंगळीच्या टोकाला टाचणी लावली. फुंक्या गप्प. शेजारच्या बोटाला लावली. गप्प. मग मधल्या बोटाला. मी वहिनीकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत होती. डॉक्टर दुसऱ्या हाताकडे वळला. तोही झाला. अंगठ्याच्या मुळाशी टोचलं तेव्हा कुठे फुंक्या "हो" म्हणाला, आणि लगेच चिडून म्हणाला, "इतका वेळ काय करत होता डॉक्टर? सुरू करायला एवढा उशीर?"

त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्याचा साक्षीदार होतो.

"टोचत होता," मी म्हटलं. "सगळ्या बोटांना."

त्याने बोटं डोळ्यांशी नेली. टोकांवर लाल ठिपके होते. एकेक ठिपका तो बघत गेला. मला त्याची दया आली, आणि दया आलेली त्याला कळू नये म्हणून मी डॉक्टरला विचारलं की हे कशाने होतं. डॉक्टरने सांगितलं की वर्षानुवर्षं थरथरणारं हत्यार धरलं की बोटांच्या नसा मरतात. सोडलं तर आहे तेवढं टिकेल, गेलेलं बहुतेक येणार नाही. फुंक्याने आणखी दोन डॉक्टरांना हात दाखवले. दोघांनी तेच सांगितलं. चौथ्याने वेगळं काही सांगितलं असतं तर त्याच्यावरही त्याचा विश्वास बसला नसता.

ग्राइंडर बंद झाला. पत्र्यापलीकडची घरघर थांबली आणि मलाच काम सुचेना. काही आठवडे तो नुसता येऊन बसायचा. मग एके दिवशी मेहुणा आला. त्याच्या हातात त्याच्या मशीनवर कापलेलं हेड होतं. ते त्याने लाकडी खोक्यावर ठेवलं आणि मागे सरून उभा राहिला. बसला नाही, कुणी बस म्हणालंही नाही.

फुंक्याने आधी प्लेट ठेवून यंत्र तपासलं. मग हेड ठेवलं. चारही पोर्टांना पाणी जवळजवळ एकाच उंचीवर आलं. त्याने पुन्हा मोजलं. खोक्याच्या मागे जाऊन नळी कुणी दाबून तर धरली नाही ना तेही पाहिलं.

"न विचारता विकलंस," तो नळीकडेच बघत म्हणाला.

"हो. चुकलो, दाजी."

"पकडला गेलास म्हणून चुकलास?"

मेहुण्याने थोडा विचार केला. "आधी तेवढंच वाटलं होतं. आता तसं नाही."

या उत्तरावर फुंक्याने पहिल्यांदा त्याच्याकडे वळून पाहिलं. मग बॅटरी पोर्टात धरली. "ही डावी भिंत एवढी जाड का ठेवलीस?"

"तुमच्या साच्यात तशीच आहे."

"आमच्या गाडीचं ओतकाम एका बाजूला सरकलं होतं. तिथे कोरलं असतं तर फुटलं असतं, म्हणून मी थांबलो होतो. तुझ्या मशीनने माझं थांबणंही उतरवून घेतलं. हे हेड सरळ आहे. इथे आणखी जाऊ शकतोस."

"किती?"

फुंक्याने बोट पुढे केलं, मग मागे घेतलं. "आधी भिंतीची जाडी मोजून आण. मग बघू."

आता काम असं चालतं. मेहुणा मशीनवर बहुतेक कोरून आणतो. फुंक्या मोजतो, बॅटरीने बघतो, खडूने खुणा करतो आणि अर्ध्याहून अधिक हेड काहीतरी खुसपट काढून परत पाठवतो. शेवटचा हात वहिनी मारते, लॅबमधून सुटल्यावर, कवळ्यांच्या त्याच बारीक चरकाने. तो थरथरत नाही म्हणतात. फुंक्याला ते पटलेलं नाही. थोडं काम झालं की तो चरकाचा प्लग काढून घेतो आणि तिला बोटं हलवायला लावतो. हात दुखत असूनही ती लपवते अशी त्याला शंका आहे, आणि लपवण्यात ती किती तयार आहे हे त्याने पाहिलंय.

वकीलबाईंना नवं हेड मिळालं. पुढच्या शर्यतीत त्या मधेच कुठेतरी आल्या. गाडी मात्र उकळली नाही. माझ्याकडे हेड अजून फडकी कोंबूनच येतं, आणि त्या प्लेटबद्दल त्याने माझी माफी मागितलेली नाही.

मेहुणा काम टाकून लगेच निघून जातो, जेवायला थांबत नाही. वहिनीला वाटतं की हळूहळू थांबेल. फुंक्याला तसं वाटत नाही. तो म्हणतो, थांबला तर आधी विचारायला हवं की का थांबला.